माक्याला ठेवायचं की सोडायचं

अमेरिकेतल्या फुटबॉलचा शर्ट माणसाच्या मापाचा शिवायचा नसतो. माणसाच्या खांद्यावर प्लास्टिकचं चिलखत असतं, पॅड म्हणतात त्याला, त्याच्या मापाचा शिवायचा असतो. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही. मी टेप घेऊन एका धिप्पाड गड्याची छाती मोजली, सोलापुरात मोजायचो तशी, आणि त्या मापाने शर्ट आवळून दिला. पॅडवरून तो खाली उतरेना. चौघांनी ओढला. गड्याचं डोकं आत, दोन्ही हात वर, आणि सगळी खोली हसतेय. सगळ्यात मोठ्याने शालन हसली. शालन म्हणजे माझी बायको. ती गेली, त्याला आता वर्ष होऊन गेलं.

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी डॉक्टर लिहितात, इंजिनियर लिहितात. मी सातवी शिकलेला टेलर. शुद्धलेखन मुलीने, मीनलने, बघितलंय. बाकी एक शब्द हलवायचा नाही असं तिला बजावलंय.

मेव्हण्याने अमेरिकेला यायचे कागद केले, आम्ही पुष्कळ वर्षं वाट बघितली आणि पोरीला घेऊन व्हर्जिनियात आलो. आधी एका ड्रायक्लीनरकडे पँटी आखूड करायचो. त्याच्याकडे एका टीमचे फाटके शर्ट यायचे. ते मी शिवायचो, शालन उसवायची आणि हातशिलाई करायची. पुढे टीमनेच आम्हा दोघांना बोलावून घेतलं. टीमचं नाव लिहीत नाही. मोठ्या लीगची नाही, टीव्हीवर दिसत नाही. आम्ही राहतो त्या अ‍ॅशबर्नपासून गाडीने तासभर लांब, छपराखाली खेळणारी टीम. बर्फावरच्या हॉकीचं मैदान असतं, त्यावर हिरवा गालिचा अंथरायचा आणि फुटबॉल खेळायचा. कडेला कमरेच्या वर येईल एवढी भिंत, तिला गादी लावलेली. भिंतीला लागूनच लोक बसतात, मांडीवर नाचोज घेऊन. कधीकधी गडी भिंतीवरून उलटून त्या नाचोजमध्ये पडतो. लोकांना तेच बघायचं असतं.

आमचं काम सोपं. शर्ट असा घट्ट पाहिजे की समोरच्याला चिमटीत धरता येऊ नये, आणि असा सैल पाहिजे की हात वर जावा. ताणणारं कापड असतं, त्याला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर भोकं पडतात. नाव वेगळ्या पट्टीवर शिवून ती पट्टी पाठीवर लावायची. गडी गेला की पट्टी उसवायची, शर्ट दुसऱ्याला. सामना चालू असताना शर्ट फाटला तर गडी धावत आमच्याकडे येतो. काढायला वेळ नसतो. त्याच्या अंगातून वाफा निघताहेत आणि आपण अंगावरच टाके घालायचे.

आता अंगावरचं कापड शिवायचं तर तोंडात दोरा धरावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या आईने सांगितलं, शालनच्या आईने तिला सांगितलं. का धरायचा ते कोणीच सांगितलं नाही. शालन म्हणाली, "इथे काय आणि तिथे काय, मी अशी शिवणार नाही." तिने पहिल्या गड्याच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा दिला आणि म्हणाली, "बाइट." तो बिचारा चावून उभा राहिला. हळूहळू सगळेच राहायला लागले. पुढे तर सुई काढायच्या आधीच आ करायचे. एकदा रेफरीने एकाला थांबवलं, तोंडात काय आहे म्हणून. त्याने दोरा काढून दाखवला. रेफरी म्हणाला, "हे कशाला?" गडी म्हणाला, "मला माहीत नाही सर, पण हिच्याशी वाद घालू नका."

गिऱ्हाइकं एकेक असायची. एकजण आईच्या जुन्या झग्याचा तुकडा शर्टाच्या आतून, बरोबर छातीवर शिवून घ्यायचा. धुताना रंग गेला तर माझ्यावर चिडायचा. दुसरा एक होता, त्याच्या बाहीला भोक पडलेल्या दिवशी टीम जिंकली. मग ते भोक शिवू देईना. भोक वाढत वाढत बाही लोंबायला लागली. शालनने एक दिवस त्याला न विचारता शिवून टाकलं. तो रडायचा बाकी राहिला. त्या दिवशीही टीम जिंकली, मग तो शिवलेलं उसवू देईना.

पण लिहायला बसलो ते माक्याचं.

त्याचं नाव मार्कस. माक्या शालनने केलं. लुइझियानाचा, उंच, पायाने हरीण. दिवसा गोदामात खोकी उचलायचा, कारण आमच्या लीगमध्ये खेळावर कोणाचं घर चालत नाही. तो वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब पळत जाऊन फेकलेला बॉल झेलणारा. पहिल्या वर्षी त्याच्या हाताला जणू डिंक होता. बॉल कुठेही फेका, माक्या तिथे. शालन बाजूला उभी राहून ओरडायची, "पळ रे माझ्या राजा!" मला या खेळातलं कळायला वर्षं लागली, तिला दोन सामन्यांत कळलं. ती त्याला धपाटे आणायची, शेंगाची चटणी लावून. तो तिला मावशी म्हणायचा आणि मला काका. आमच्या मीनलने कधी एवढ्या स्पष्ट मराठीत हाक मारली नसेल. तो म्हणायचा, "मावशी, चटणी मोअर."

दुसऱ्या वर्षी तो भिंतीवर आदळला. बॉल हवेत, माक्या मागे बघत धावतोय, भिंत आली ते कळलं नाही. वरून समोरच्या टीमचा गडी त्याच्यावर. आवाज आला तो मी अजून ऐकतो. बरगड्या गेल्या. बऱ्या झाल्या. परत आला. आणि बॉल सुटायला लागले.

मला वाटलं शर्टाचा दोष. पॅड नवीन होते, खांद्यात कापड ओढतंय असं मला दिसलं. मी मोठ्या ऐटीत खांदे उसवले, काखेत कळी, म्हणजे कापडाचा तिकोनी तुकडा, घातली, हात वर करून बघ म्हटलं. "परफेक्ट, काका," म्हणाला. त्या सामन्यात त्याने आधीपेक्षा जास्त सोडले. टेलरला सगळा दोष कापडात दिसतो, दुसरं काय.

लोक हूट करायला लागले. भिंतीजवळ बसलेला एकजण तर लोण्याचं पाकीट घेऊन यायचा आणि माक्याला दाखवायचा. हाताला लोणी लावून येतोस का, असं. टीमच्या ऑफिसात, लॉकर रूममध्ये, पार्किंगमध्ये एकच चर्चा. याचा करार संपतोय, याला ठेवायचं की सोडायचं?

आमच्या घरात तर रोजची लढाई. जावई प्रशांत नागपूरचा, डेटा सेंटरमध्ये कामाला, सगळं लॅपटॉपवर मांडतो. म्हणायचा, "बाबा, काहून ठेवायचं त्याले? नंबर्स बघा ना. इतके ड्रॉप तर मीबी करीन."

मी म्हणायचो, "तू तिथवर पोचशील तर सोडशील ना. अर्ध्यात दम लागेल तुला."

आणि शालन जावयाच्या बाजूला. माझ्या नाही. "सोडा त्याला," म्हणायची. "पोरगं गोड आहे, पण हात गेले त्याचे. दुसऱ्याला जागा द्या."

"तुझ्या हातचं खातो तो."

"खाऊ दे की. जेवायला या म्हणते मी त्याला. बॉल झेलायला नको म्हणते."

"निर्दयी बाई आहेस."

"तुम्ही मवाळ आहात. मवाळ माणसाने टीम चालवू नये, रसवंती चालवावी."

असं चालायचं. वरण गॅसवर करपायचं तरी चालायचं. मीनल म्हणायची, "गाईज, प्लीज. तो तुम्हा दोघांपैकी कोणाचाच मुलगा नाही."

एक दिवस शालनने त्याच्या तोंडावरच सांगितलं. तो शर्ट घ्यायला शिवणाच्या खोलीत आला होता. माझं इंग्रजी तोडकं आहे, तिचं त्याहून. पण ती म्हणाली ते त्याला नीट कळलं. "माक्या, बॉल येतो तेव्हा तू बॉल बघत नाहीस. तू भिंत बघतोस." हे कोचला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना दिसत होतं. पण बरगड्या मोडलेल्या माणसाला तू घाबरतोस असं म्हणायला सगळे कचरत होते. ही कचरली नाही. वर त्याला डबा दिला.

त्या मोसमानंतर पानगळीत शालन गेली. हृदयाचं होतं, आम्हाला माहीत होतं, तरी माहीत नसल्यासारखं चाललं होतं. अंत्यविधीला मंडळाचे सगळे आले, तुमच्यापैकी पुष्कळ होते. मागच्या भिंतीपाशी एक उंच काळा मुलगा अवघडून उभा होता, तो माक्या. शेवटी खांदा द्यायला माणसं पुढे झाली तेव्हा तो मला विचारायला आला, "काका, मी चालेन का?" मी म्हटलं, "तू नाही तर कोण?"

मग घर शांत झालं. रडणं, आठवणी, ते सगळं सगळ्यांच्या घरी होतं, ते लिहीत नाही. एक मात्र लिहितो. एका रविवारी जेवताना मी म्हटलं, "माक्याला ठेवायलाच पाहिजे." आणि प्रशांत म्हणाला, "हो बाबा. बरोबर आहे तुमचं. ठेवलंच पाहिजे."

मी ताट सरकवलं. "तुझे नंबर कुठे गेले?"

"तसं नाही बाबा, मी विचार केला..."

"विचार नाही केलास. कीव केलीस. म्हातारा एकटा पडला, याला हो म्हणू या. अशाने माझ्या बाजूला येऊ नकोस. तिने मला कधी फुकट जिंकू दिलं नाही."

प्रशांतने माझं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. चांगला मुलगा आहे. पण त्या दिवसापासून घरात वाद बंद झाला, आणि तो बंद झाल्यावर मला कळलं की ती खरंच गेली.

मी कामावर जात राहिलो. मीनल म्हणाली, सोडा आता. मी म्हटलं नाही. उसवायचं कामही माझ्याच अंगावर आलं. ते मला जमत नाही तिच्यासारखं. ती पात्याने फाडायची नाही, एक टाका कापून दोरा सळसळत ओढून काढायची. कापडाला कळायचंसुद्धा नाही.

हिवाळ्यात रॉन आला. रॉन आमच्या सामानखोलीचा साहेब. म्हणाला, "करार संपलेल्यांच्या पट्ट्या काढून ठेव. मार्कसची पण."

मी म्हटलं, "त्याचं ठरलं का?"

"अजून नाही. पण सगळ्यांना माहीत आहे काय होणार ते."

"मग सगळ्यांनी येऊन उसवा. मी कागद बघितल्याशिवाय उसवणार नाही."

"हा फक्त शर्ट आहे यार," रॉन म्हणाला. यार म्हणायला त्याला मीच शिकवलंय.

"मग राहू दे की फक्त शर्ट. पडून काय खातोय?"

तो गेला. पट्टी राहिली.

आणि मग एक दिवस दुपारी माक्या स्वतः आला. गोदामाचे कपडे अंगावर होते. स्टूल ओढून बसला. तो इंग्रजीत बोलला, मी माझ्या भाषेत लिहितो.

म्हणाला, "काका, कोच एका वर्षाचा करार देतोय."

मी उडालोच. "मग? पेढे कुठे आहेत?"

"सही करू का नको कळत नाही."

बघा आता. सगळं गाव वर्षभर भांडत होतं, टीमने याला ठेवावं की नाही. याला राहायचंय का, हे एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

तो म्हणाला, "मावशी बरोबर होती. मी भिंतीकडे बघतो. बॉल माझ्याकडे येतो आणि मला त्या दिवसाचा आवाज ऐकू येतो. प्रत्येक वेळी. ही भीती गेली तर सही करेन. पण जात नाही."

मी मशीन बंद केलं. म्हटलं, "माझं ऐक. सोलापुरात मी आणि माझा भाऊ दत्ता एकाच कारखान्यात शिवायचो. एक दिवस सुई माझ्या बोटातून आरपार गेली. मास्तरांनी पट्टी बांधली आणि त्याच दिवशी परत मशीनवर बसवलं. नंतर कितीतरी दिवस माझी शिवण वाकडी जायची, कारण मी शिवण बघायचो नाही, बोट बघायचो. पुढे दत्ताच्या बोटात सुई गेली. तो उठला तो परत बसलाच नाही. त्याने एसटी स्टँडजवळ भज्यांची गाडी टाकली. झकास चालली. आयुष्यभर सुखात राहिला. त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही, आणि म्हणणाऱ्याला त्याने भजी दिली नसती."

माक्या हसला. "तुमची भीती कधी गेली?"

"गेली नाही. आजही सुई खाली येते तेव्हा बोट मागे घ्यावंसं वाटतं."

"मग कसं करता?"

"बोटाकडे बघायचं नाही असं सकाळी ठरवतो. दुसऱ्या दिवशी परत ठरवतो. आता सकाळी आणखी पुष्कळ गोष्टींकडे बघायचं नाही असं ठरवावं लागतं. तिची खुर्ची आहे. तिच्या चपला आहेत. ठरवतो आणि कामावर येतो."

मी पुढचंही सांगून टाकलं, कारण अर्धवट बोलणं मला येत नाही. "तू राहावंस असं मला वाटतं. पण त्यात माझा स्वार्थ आहे. ती जेव्हा खाऊ घालायची तेव्हाची पोरं सगळी गेली इथून, तिच्या हातचं खाल्लेला तू एकटा उरलास. म्हणून माझ्यासाठी सही करू नकोस. भीती जाईल म्हणूनही करू नकोस, ती जाणार नाही. रोज ठरवायची तयारी असेल तर कर. नाहीतर भज्यांची गाडी टाक, मी येईन खायला."

तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. पुष्कळ दिवस काही कळलं नाही. रॉन पट्टीकडे बघायचा, मी रॉनकडे बघायचो. मग एका सकाळी तो दारातून ओरडला, "तुझ्या पोराने सही केली, म्हाताऱ्या. राहू दे ती पट्टी."

आता वाचणाऱ्याला वाटेल, माक्या मग सगळे बॉल झेलायला लागला. नाही. मैदानाच्या मधोमध बरा खेळला, पण भिंतीजवळ आला की तेच. लोणीवाला आपला येतच होता. मी नुसता बघायचो. त्याने ठरवलेलं दिसायचं, आणि ऐन वेळी मोडलेलंही दिसायचं.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. मीनल आणि प्रशांत आले होते. मी कोपऱ्यातल्या फाटकाशी, भिंतीच्या अगदी मागे, सुईदोरा घेऊन बसलो होतो. आम्ही थोडक्यात मागे होतो. बॉल उंच आला, माझ्याच कोपऱ्यात. माक्या धावत आला. त्याच्या मागून समोरचा गडी, बैलासारखा. भिंत हातभरावर, आणि भिंतीच्या पलीकडे मी. त्याचं तोंड मला एवढं जवळ दिसत होतं की मिशीतला घाम दिसला. मी त्याचे डोळे बघत होतो. ते वर होते. शेवटपर्यंत वर होते. भिंतीकडे वळले नाहीत, माझ्याकडे वळले नाहीत. बॉल हातात आला, त्याच क्षणाला तो भिंतीवर आदळला, गादी माझ्या गुडघ्याला लागली. आणि बॉल सुटला.

सामना गेला. सगळं मैदान हूट करायला लागलं. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. शेजारचा लोणीवाला माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. मला काय त्याचं. माक्या पडल्या जागी धापा टाकत होता. बरगड्यांवर हात ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बॉल बघितलास." तो म्हणाला, "बघितला, काका." आणि आम्ही दोघं हसलो, एवढे लोक शिव्या घालत असताना.

परतीच्या वाटेवर प्रशांत गाडी चालवत होता. अ‍ॅशबर्न जवळ आलं तेव्हा प्रशांतला राहवलं नाही. "बाबा, राग येऊ देऊ नका. पण त्याले आता सोडायला पाहिजे. सुटला तो सुटला. सामना गेला आपला."

मी इतक्या महिन्यांनी नीट श्वास घेतला. "हे बोललास ते खरं बोललास?"

"खरं बोललो."

"नंबर आहेत?"

"आहेत. घरी दाखवतो."

"दाखव. तुझ्या सासूनेही हेच म्हटलं असतं. तीही चूक, तूही चूक. गाडी चालवत ऐक आता."

मीनल पुढच्या सीटवर कपाळ धरून बसली. "ओ माय गॉड. परत सुरू झालं." पण तिने आम्हाला थांबवलं नाही.

माक्याचा करार परत संपलाय. परत तोच प्रश्न आहे, ठेवायचं की सोडायचं. मला कोणी विचारलेलं नाही, टेलरला कोण विचारतो. तरी इथे लिहून ठेवतो, म्हणजे छापलेलं राहील: ठेवा त्याला. तो भिंतीवर जाऊन आदळलाय आणि त्याने डोळे खाली केलेले नाहीत. झेलायचं पुढच्या वर्षी बघू. ज्याला पटत नाही त्याने शनिवारी आमच्याकडे यावं. चहा मी करतो, आणि मी लवकर ऐकणाऱ्यातला नाही.